सुरक्षा समितीची शिफारस व्यवस्थापनाला मान्य नसेल, तर ती जबाबदारीने कशी नाकारावी?

आपल्या कारखान्यात टोल्युइन या सॉल्व्हेंटचे (विद्रावकाचे) ड्रम भरण्याच्या खोलीत वासाचा त्रास होतो, म्हणून सुरक्षा समितीने भिंतीवर एक्झॉस्ट पंखे बसवण्याची शिफारस केली आहे. देखभाल विभागाला ती पटलेली नाही, आणि कामगारांचा विश्वास न गमावता व कायद्याच्या कचाट्यात न सापडता नकार कसा द्यावा, असे आपण विचारले आहे. मी रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले आहे आणि आता सुरक्षा लेखापरीक्षण करतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

समितीच्या जवळजवळ प्रत्येक शिफारशीत दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: एक, कामगारांना जाणवलेला धोका, दुसरी, त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय. उपाय नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे, पण त्या नकाराबरोबर धोक्याची तक्रारही निकालात निघाली असे मानले, की तिथेच बेजबाबदारपणा सुरू होतो. आपल्याच उदाहरणात देखभाल विभागाचे म्हणणे मला तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटते. टोल्युइनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. ड्रमच्या तोंडातून बाहेर पडली की ती खाली उतरून जमिनीलगत पसरते. उंचावरचा पंखा ती नीट ओढू शकत नाही, आणि ओढलीच तर ड्रमवर वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडावरून ओढतो. शिवाय टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) जेमतेम ४ अंश सेल्सिअस असल्यामुळे आपल्याकडच्या हवामानात उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेण्याजोगी वाफ बाराही महिने असते, आणि अशा ठिकाणी साधी, फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी) नसलेली मोटर बसवणे हा नवा धोका आहे. म्हणून पंख्यांना नकार देणे योग्यच. पण वासाची तक्रार खरी आहे आणि ती नकारानंतरही तशीच उभी राहते. त्यामुळे नकाराच्या त्याच पत्रात पर्याय लिहिलेला हवा: ड्रमच्या तोंडाशीच वाफ पकडणारा लोकल एक्झॉस्ट, त्याला फ्लेमप्रूफ मोटर, भरण्याची नळी ड्रमच्या तळापर्यंत, स्थिर विजेची ठिणगी टाळणाऱ्या अर्थिंग व बाँडिंगची तपासणी. हे सारे बसेपर्यंत काय करणार, म्हणजे भरणीचे तास कमी करणार का, योग्य कार्ट्रिजचे मास्क देणार का, हेही त्यात तारखेसह यायला हवे.

पत्र लिहिण्यापूर्वी मोजमाप करा. भरणीचा जोर असलेल्या दिवशी, कामगाराच्या कॉलरला सॅम्पलर लावून, पूर्ण पाळीभर नमुना घ्या. त्या वेळी समितीतील कामगार प्रतिनिधी हजर असू द्या आणि प्रयोगशाळेचा अहवाल जसाच्या तसा समितीसमोर ठेवा. ‘आकडा कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादेच्या आत आहे’ एवढ्यावर मात्र थांबू नका, कारण अमेरिकेतील एसीजीआयएच या संस्थेने टोल्युइनसाठी सुचवलेली २० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) मर्यादा तिच्यापेक्षा बरीच कडक आहे, आणि समितीतील एखादा वाचणारा माणूस ते दाखवून देईलच.

आता कायदा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली समिती कलम ४१-जी ने आली. समिती कितीही सक्षम असली, तरी कामगारांच्या सुरक्षिततेचे कर्तव्य कलम ७-ए ने भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या ऑक्युपायरवर टाकले आहे, आणि ते ‘वाजवीरीत्या शक्य असेल तेथवर’ पार पाडायचे आहे. ते वाजवीरीत्या शक्य नव्हते हे सिद्ध करण्याचा भार कलम १०४-ए प्रमाणे आरोप असलेल्यावरच येतो, ही गोष्ट अनेक व्यवस्थापकांना माहीत नसते. या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, तेव्हा पत्रात कलमांचा उल्लेख करताना आपल्या सल्लागाराकडून सध्याचे क्रमांक तपासून घ्यावेत. पण नकाराची कारणे आजच, पुराव्यासह लिहून ठेवण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही. अपघातानंतर तयार केलेल्या कारणांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

खर्च हे कारण असू शकते, आणि असेल तर ते उघडपणे सांगावे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९४९ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड’ या खाणीच्या खटल्यात लावलेली कसोटी मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते: टळणाऱ्या धोक्याच्या मानाने खर्च, वेळ व त्रास अतोनात विषम असेल, तरच उपाय करणे वाजवीरीत्या शक्य नाही असे म्हणता येते. तराजू आधीच धोक्याच्या बाजूने झुकलेला असतो. म्हणून ‘या वर्षी बजेट नाही’ हे नकाराचे कारण होत नाही. ती फार तर दिरंगाई आहे, आणि दिरंगाईला तारीख द्यावी लागते.

एका प्रसंगी मात्र नकाराचा अंतिम अधिकार व्यवस्थापनाकडे राहतच नाही. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची रास्त भीती कामगारांनी थेट किंवा समितीमार्फत कळवली, तर कलम ४१-एच नुसार व्यवस्थापनाने एक तर ताबडतोब उपाययोजना करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा, किंवा धोका पटत नसेल तर प्रश्न लगेच निरीक्षकाकडे सोपवायचा, आणि तातडीचा धोका आहे की नाही यावर निरीक्षकाचाच निर्णय अंतिम असतो. २०२० च्या संहितेतही हा मार्ग कायम आहे. तेव्हा शिफारस हातात आली की ती सुधारणेची सूचना आहे की तातडीच्या धोक्याचा इशारा, हे सर्वांत आधी ठरवा. शंका असेल तर इशारा समजा.

नकार कोणी द्यायचा, याला मी फार महत्त्व देतो. ज्याच्याकडे खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे, त्यानेच स्वतःच्या नावाने आणि सहीने नकार द्यावा व समितीच्या बैठकीत स्वतः येऊन कारणे सांगावीत. हे काम सुरक्षा अधिकाऱ्यावर ढकलणे अन्यायाचे आहे. ज्या माणसाकडे कामगारांनी उद्या निःसंकोच येऊन गळतीची खबर द्यावी अशी आपली अपेक्षा असते, त्यालाच आपण नकाराचा चेहरा बनवतो. इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ किंवा ‘विचाराधीन’ असे शेरे बैठकीमागून बैठकीत पुढे सरकत राहतात, असे मी लेखापरीक्षणात वारंवार पाहिले आहे, आणि माझ्या मते स्पष्ट नकारापेक्षा ते अधिक घातक असतात. कॅनडातील ऑंटारिओ प्रांताच्या कायद्याने समितीच्या लेखी शिफारशीला २१ दिवसांत लेखी उत्तर देणे मालकावर बंधनकारक केले आहे: मान्य असेल तर अंमलबजावणीचे वेळापत्रक, अमान्य असेल तर कारणे. ही मुदत आपणही स्वतःहून पाळावी. उत्तर मराठीत आणि हिंदीत लिहून ड्रम भरण्याच्या खोलीबाहेर लावावे, कारण ड्रम भरणारे बहुधा ठेक्याचे कामगार असतात आणि समितीत त्यांचा माणूस क्वचितच असतो.

नाकारलेल्या शिफारशींची वेगळी नोंदवही ठेवा. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात झालेल्या स्फोटात १५ माणसे मेली. तिथला जुना ब्लोडाउन स्टॅक (जादा द्रव व वाफ थेट हवेत सोडणारी चिमणी) काढून फ्लेअर (ती वाफ जाळून टाकणारी यंत्रणा) जोडण्याची संधी वर्षानुवर्षे अनेकदा आली आणि प्रत्येक वेळी गेली, असे सरकारी चौकशीत दिसून आले. सुटे सुटे निर्णय त्या त्या वेळी कोणाला तरी सुसह्य वाटले असतील. ते एकत्र वाचले असते, तर त्यांतला धोका लपला नसता. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे फेरविचार केव्हा करायचा तेही लिहा: नवे सॉल्व्हेंट आले, भरणी वाढली, मोजमापाचा आकडा ठरावीक पातळीच्या वर गेला किंवा एखाद्याला चक्कर आली, तर प्रश्न आपोआप समितीसमोर परत यावा.

इतके करूनही समितीला आपले म्हणणे पटले नाही, तर तिचे भिन्न मत तिच्याच शब्दांत इतिवृत्तात येऊ द्या, त्यावर प्रतिनिधींच्या सह्या घ्या, आणि पुढच्या लेखापरीक्षणात ते इतिवृत्त व मोजमापाचा अहवाल दोन्ही लेखापरीक्षकाच्या हाती द्या.