माजी सैनिकांच्या उपचारांसाठी सरकारने स्वतःचे दवाखाने चालवावेत, की विमा काढून द्यावा?

तुम्ही विचारलंय की सरकार माजी सैनिकांवर एवढा पैसा खर्च करतं, तर त्यांच्यासाठी वेगळे दवाखाने चालवण्यापेक्षा सरळ विमा काढून देऊन खासगी रुग्णालयात का पाठवत नाही. आणि अमेरिकेत तर त्यांची स्वतंत्र रुग्णालयं आहेत, मग बरं काय? माझं मत आधीच सांगते. ऑपरेशन खासगी रुग्णालयातून विकत घ्यायला हरकत नाही. पण पहिला डॉक्टर, रोजची औषधं आणि माणसाची विचारपूस या तीन गोष्टी सरकारने स्वतःच्याच हातात ठेवल्या पाहिजेत, आणि वाढीव पैसा आधी तिथे गेला पाहिजे.

मी नाशिक रोडला राहते. वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझं सीएससी केंद्र, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं केंद्र आहे, त्यामुळे नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी माजी सैनिक आणि वीरपत्नींची रांग माझ्याकडेच असते. अंगठा उमटेपर्यंत दोन शब्द बोलणं होतं, आणि त्यात पेन्शनपेक्षा दवाखान्याचाच विषय जास्त निघतो.

पैशाचं आधी बघू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी होते. त्यातले १ लाख ६० हजार ७९५ कोटी पेन्शनचे, म्हणजे शंभरातले जवळपास २४ रुपये. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो हे त्यांच्या लक्षात येत नाही. फौजेला तरुण माणसं लागतात म्हणून फौजच त्याला लवकर सोडते, तेव्हा पुढची तीस-चाळीस वर्षं पेन्शन जाणारच. 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे निवृत्ती कधीही झालेली असो, सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखीच पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू झालं आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा होतो, त्यानेही रक्कम वाढली. ती वाढ रास्तच होती, असं मी मानते.

उपचारांचा आकडा मात्र लोकांना माहीत नसतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. २०२५-२६ मध्ये तिला सुरुवातीची तरतूद ८,३१७ कोटींची होती, आणि लाभार्थी ६० लाखांच्या वर. भागाकार केला तर माणशी वर्षाला चौदा हजारांच्या आत येतात. यात हृदयाची शस्त्रक्रियाही आली, डायलिसिसही आलं, कॅन्सरही आला. साठी-सत्तरीच्या माणसांची संख्या यात मोठी, हे धरलं तर ही रक्कम फार नाही. पेन्शनच्या तुलनेत हा विसावा हिस्सा आहे. म्हणून 'माजी सैनिकांवरचा खर्च' असा एकच गठ्ठा करून बोललं की उपचारांवर अन्याय होतो.

योजनेची रचना मुळात चांगली आहे. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची. हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, सुभेदार वगैरेंना ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती माफ आहे. पुढे दर वर्षी हप्ता नाही, वयाची अट नाही, आधीपासूनच्या आजारावरून नकार नाही, उपचाराच्या रकमेला वरची मर्यादा नाही. पत्नी आणि अवलंबून असलेले आई-वडीलही यात येतात. विमा कंपनी अशा अटींवर सत्तरीच्या माणसाला दारात उभं करेल का, तुम्हीच विचार करा. आणि विमा मुख्यतः दाखल झाल्यावर कामाला येतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू आणि कान. तोफांजवळ नोकरी केलेल्यांच्या कानांबद्दल तर वेगळं सांगायला नको. वडिलांशी बोलताना आम्ही सगळे त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. अशा माणसाला दर महिन्याला औषध आणि ओळखीचा डॉक्टर हवा असतो. ते काम पॉलिक्लिनिकचं, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याचं.

आता देवळाली कॅम्पच्या पॉलिक्लिनिकबद्दल. आमच्या भागातली माणसं तिथेच जातात. सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा, डॉक्टर चिठ्ठी देतात, मग औषधाची खिडकी. पाच औषधांतली तीन मिळतात आणि दोनांपुढे 'एनए' लिहून येतं, म्हणजे साठ्यात नाही. एनए झालेलं औषध नंतर मिळतं किंवा बाहेरून घेऊन बिल लावता येतं, पण त्याला पुन्हा फेरी पडते. पंच्याहत्तरीचा माणूस त्या दोन गोळ्यांसाठी पुन्हा बसने येत नाही. एक तर खिशातून घेतो, नाहीतर महिनाभर घेतच नाही. हे दुसरं मी फार वेळा पाहिलंय, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. शुगरची गोळी सुटली की वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस पायाची जखम घेऊन मोठ्या रुग्णालयात जातो आणि सरकार तिथे लाखाचं बिल भरतं. गोळीचे पैसे वाचवून काय मिळालं?

तिथल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. ते कंत्राटावर असतात, कंत्राटाचं दर वर्षी नूतनीकरण होतं. बाहेर जास्त पगार मिळाला की डॉक्टर जातो, आणि पेशंटची नवी ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तरतूद वाढली आणि त्यातून एकच गोष्ट करायची असेल तर मी म्हणेन, डॉक्टर टिकेल असा पगार आणि किमान तीन वर्षांची नेमणूक द्या, आणि रोजच्या पन्नासेक औषधांचा साठा कधी संपू देऊ नका.

खासगी रुग्णालयाची बाजूही आहे. पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन यादीवरच्या रुग्णालयात गेलं की उपचार कॅशलेस व्हायला हवेत. आमच्या नात्यातल्या एका काकांना शहरातल्या एका रुग्णालयाने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी 'सध्या ईसीएचएस घेत नाही' असं सांगून परत पाठवलं. रुग्णालयाचं म्हणणं, जुनी बिलं अडकलीत. राग येतो, पण त्यांचा हिशोबही समजून घ्यायला हवा. ईसीएचएसचे दर सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरांवर चालतात, आणि २०१४ चे ते दर थोड्याफार बदलांसह ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालले. तेव्हा दर जुने होते आणि पैसे उशिरा, मग माणूस दारातून परत जाणारच. सरकारला खासगी सेवा घ्यायची असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत आणि उशीर झाला तर व्याज द्यावं. तसं झालं की नकार देणाऱ्या रुग्णालयाला यादीतून काढायचा अधिकार सरकारला खऱ्या अर्थाने वापरता येईल.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे माजी सैनिकांच्या खात्याची स्वतःची सुमारे १७० रुग्णालयं आहेत आणि ९० लाखांहून जास्त लोक नोंदलेले आहेत. पण २०१४ मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयात प्रतीक्षेच्या खोट्या याद्या ठेवल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. नंतर २०१८ च्या कायद्याने असं ठरलं की साध्या तपासणीसाठी गाडीने सरासरी ३० मिनिटांहून लांब जावं लागत असेल किंवा २० दिवसांहून जास्त थांबावं लागत असेल, तर सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जाता येतं. तिथे आजही वाद चालू आहे की खासगीकडे पैसा वळला तर सरकारी रुग्णालयं ओस पडतील. ती भीती खरी आहे. तरीही मला त्या कायद्यातला निकष आवडतो. इमारती किती हे न मोजता माणसाला पोचायला किती वेळ लागतो हे मोजलंय.

तोच निकष आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. सुरगाणा नाशिकपासून नव्वदेक किलोमीटर. तिथला माजी सैनिक आधी एसटीने नाशिकला येणार, मग सिटी बसने किंवा रिक्षाने देवळाली कॅम्प, आणि संध्याकाळच्या गाडीने घाट चढून परत. पेठ, कळवण, सटाण्याकडच्यांचं फार वेगळं नाही. प्रत्येक तालुक्याला पॉलिक्लिनिक बांधा असं मी म्हणणार नाही, ते परवडणारही नाही आणि डॉक्टरही मिळणार नाहीत. पण महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी तालुक्याच्या गावी डॉक्टर आणि औषधांची गाडी आली, तर अर्ध्याहून जास्त फेऱ्या वाचतील. बाजाराचा वार लोकांच्या लक्षात असतोच, त्याच दिवशी गाडी यावी.

विचारपूस म्हणजे काय म्हणते तेही सांगते. वीरपत्नींचं सगळ्यात मोठं दुखणं कागदाचं आहे. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवर बाईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर ते जुळत नाही, मग 'पार्ट टू ऑर्डर करून आणा', म्हणजे लष्कराच्या रेकॉर्डमध्ये दुरुस्तीची नोंद करून आणा, असं उत्तर मिळतं. नवरा तोफखान्यातला असेल तर रेकॉर्ड ऑफिस इथेच नाशिक रोड कॅम्पला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. सुरगाण्याची आजी सागरला पत्र कुणाकडून लिहून घेणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे, पण तालुक्या-तालुक्यात फिरून कागद गोळा करायला त्यांना माणसं हवीत. माझ्या मते एका जिल्ह्यात अशी चार-पाच माणसं नेमण्याइतका स्वस्त आणि उपयोगी खर्च दुसरा नसेल.

आणि काही गोष्टी खासगी रुग्णालय कधीच करणार नाही. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीला पाठीचा कणा जायबंदी झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे माणसं वर्षानुवर्षं राहतात. त्यात नफा नाही. म्हणून ती सरकारने चालवावीतच, आणि तिथे हात आखडू नये.

तुमच्या प्रश्नात अग्निवीरांचा, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती होणाऱ्या मुलांचा उल्लेख नाही, पण खर्चाचा विचार करताना तो यायलाच हवा. जून २०२२ ला जाहीर झालेल्या योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होणार. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा एकरकमी सेवानिधी, पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. सेवेत असताना अपंगत्व आलं तर भरपाईची तरतूद आहे. पण गुडघा, कंबर, कान यांचं दुखणं लगेच दिसत नाही, ते दहा वर्षांनी वर येतं. आमच्या इथल्या आर्टिलरी सेंटरमध्येही या मुलांचं प्रशिक्षण झालंय, मी त्यांना नाशिक रोड स्टेशनवर ट्रंका घेऊन उतरताना पाहते. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत जातील. पेन्शनचा वाद बाजूला ठेवा, पण सेवेतून जडलेल्या दुखण्यापुरतं तरी पॉलिक्लिनिकचं दार त्यांना उघडं असावं, आणि त्यासाठी सेवा सोडतानाची पूर्ण तपासणी, कानाच्या चाचणीसकट, त्यांच्या हातात लेखी द्यावी. हा निर्णय ती मुलं बाहेर पडायच्या आधी व्हायला हवा.