जपानहून मॉडेल गाड्या मागवताय? ‘गिफ्ट’ राहू द्या, आधी बिलावरचं वर्णन बघा

प्रश्न मला कळला तो असा: जपानमधल्या एका विक्रेत्याकडून १:४३ मापाच्या दोन जुन्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) मॉडेल गाड्या घ्यायच्या आहेत. दोन्ही मिळून ८,००० रुपये, पाठवणावळ २,८००. विक्रेता स्वतःहून म्हणतोय, ‘गिफ्ट’ लिहितो आणि किंमत २,००० दाखवतो. कस्टम्स ड्यूटी किती बसेल, आणि ईएमएसने (पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय जलद सेवेने) मागवू की कुरियरने?

गिफ्टचं आधी निकालात काढू. ५,००० रुपयांपर्यंतची भेट ड्यूटीमाफ असते हे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. ते दिवस गेले. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने ‘गिफ्ट’ म्हणून माल सोडवून घ्यायलाच बंदी आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. (राखीच चालते, राखीसोबत पाठवलेली भेटवस्तू नाही. नियम लिहिणाऱ्याने घरातल्या बहिणींचा चांगलाच विचार केलेला दिसतो!) थोडक्यात, ‘गिफ्ट’ लिहून सवलत तर मिळत नाहीच, वर कस्टम्सच्या अधिकाऱ्याचं लक्ष मात्र वेधलं जातं.

किंमत कमी दाखवायचंही तेच. त्याच गाडीचा भाव अधिकाऱ्याला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतो. कस्टम्सच्या २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ खाली तो दाखवलेली किंमत नाकारू शकतो, आणि पुढे दंडही लागू शकतो. समजा पार्सल सुटलंही, पण वाटेत हरवलं, तर भरपाई २,००० च्या वर मिळणार नाही. विक्रेता उदार वाटतोय खरा, पण धोका सगळा तुमच्या गळ्यात. त्याला सरळ सांगा, खरी किंमत लिही.

आता हिशेब. ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, त्यात पाठवणावळ आणि विमा मिळवतात. पण विमानाने आलेल्या मालाची पाठवणावळ, प्रत्यक्षात कितीही भरली असली तरी, वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. हे फारसं कोणी सांगत नाही. तुमच्या बाबतीत २,८०० नाही, १,६०० धरायचे. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ९० रुपये. एकूण ९,६९०. मूळ ड्यूटी १० टक्के धरली तर ९६९, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ९७, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) १८ टक्के धरला तर १,९३६. झाले सुमारे ३,००२ रुपये. कुरियरवाल्याने पूर्ण २,८०० धरले तर हाच आकडा ३,३७४ होतो. म्हणून ड्यूटीचा मेसेज आला की पैसे भरायच्या आधी त्यातली ‘असेसेबल व्हॅल्यू’, म्हणजे ड्यूटीसाठी धरलेली एकूण किंमत, बघायची सवय लावा.

हे १० आणि १८ टक्के कुठून आले? वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या मालाचं कस्टम्सच्या दरपत्रकात स्वतंत्र शीर्षक आहे, ९८०४. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक हलतात. २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा गाजावाजा झाला तेव्हा या शीर्षकाखाली सगळं मिळून ७७.२८ टक्के बसत होते. २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. त्यामुळे जुन्या चर्चांमधले आकडे बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पार्सल येईल त्या दिवशीचा दर खरा.

खरी मेख पुढे आहे. गाडी ९८०४ खाली न जाता ९५०३ खाली, म्हणजे खेळण्यांत गेली, तर? खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुमच्या ९,६९० वर फक्त मूळ ड्यूटीच ६,७८३ रुपये. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, आणि तिकडच्या विक्रेत्याकडे ते कुठून असणार?

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. ‘हे खेळणं नाही, संग्राह्य वस्तू आहे’ एवढंच लिहून पाठवतात. त्याने काम होत नाही, कारण ९५०३ च्या वर्णनात लहान मापाची मॉडेलं स्पष्ट लिहिलेली आहेत. मुद्दे दोन आहेत आणि ते वेगवेगळे मांडायचे. ड्यूटीसाठी म्हणायचं: माल वैयक्तिक वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, म्हणून ९८०४. बीआयएससाठी म्हणायचं: प्रमाणपत्राच्या सक्तीचा आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे, आणि ही वस्तू त्या वयासाठी नाही.

दुसऱ्या मुद्द्याला पुरावा लागतो, आणि तो खोक्यावरच असतो. संग्राहकांसाठीच्या जपानी मॉडेलच्या खोक्यावर तळाशी किंवा बाजूला बारीक अक्षरात वयाची ओळ असते. जपानी वाचता आलं नाही तरी १४ किंवा १५ हा आकडा दिसतोच. विक्रेत्याकडून त्या ओळीचा फोटो आधीच मागून ठेवा. माझं एक पार्सल असंच अडकलं होतं, बिलावर नुसतं ‘मिनी कार’ लिहिलेलं. कुरियरच्या क्लिअरन्सवाल्यांनी परस्पर खेळण्यात टाकून बीआयएस मागितलं. मी खोक्याचा फोटो, पैसे भरल्याची पावती आणि वैयक्तिक वापराचं चार ओळींचं पत्र पाठवलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. दर वेळी ऐकतीलच याची हमी नाही, शेवटचा निर्णय कस्टम्सच्या अधिकाऱ्याचा. आणि एकाच गाडीचे सहा नग मागवून ‘वैयक्तिक वापर’ म्हणालात तर कोणीही हसेल.

जुन्या मालाबद्दलही सांगून ठेवतो. परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेला माल ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे, म्हणजे परवाना लागतो. एक-दोन मॉडेलांना सहसा कोणी हटकत नाही, पण वर्णनात मोठ्या अक्षरात ‘युज्ड’ मिरवायची गरज नाही. खोटंही लिहायचं नाही. मॉडेलचं नाव, माप, उत्पादनाचं वर्ष, ‘वय १४+’ आणि किंमत एवढं पुरतं.

ईएमएस की कुरियर? तुमच्या रकमेला मी ईएमएस घेईन. कुरियर लवकर येतं आणि केवायसी, बिल सगळं ऑनलाइन होतं, पण ड्यूटी तुमच्या वतीने भरल्याचं शुल्क आणि त्यावर पुन्हा जीएसटी लावतात. छोट्या पार्सलला ते जड जातं. ईएमएसचं पार्सल आपल्याकडे बहुधा मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून जातं आणि ड्यूटी पोस्टमन दारात घेतो. वेळ जास्त लागतो, ट्रॅकिंग मधेच गप्प होतं. कागद मागणारं पत्र आलं तर लगेच उत्तर द्या. मुदत उलटली की पार्सल परतीच्या वाटेला लागतं.

गाडी फुटलेली निघाली तर भरलेली ड्यूटी परत मिळेल का, असं पुढे विचाराल. परत निर्यात केल्यावर परताव्याची तरतूद कस्टम्स कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे, पण तीन हजारांसाठी ती कागदपत्रं कोणी करत नाही. त्यापेक्षा पॅकिंगवर भर द्या. प्लास्टिकच्या खोक्यातली गाडी तळाच्या स्क्रूवर उभी असते. आदळली की आधी साइड मिरर तुटतात, म्हणून खोक्याच्या आतही मऊ कागद भरायला सांगा.

दोन्ही गाड्या एकाच पार्सलमध्ये मागवा. ड्यूटी तेवढीच बसेल, पण पाठवणावळ आणि शुल्क एकदाच जाईल. पैसे भरण्याआधी विक्रेत्याचं बिल इथे टाका, वर्णनाची ओळ बघून सांगतो.