साधं लग्न करायचंय? मग हे ऐक

हुंडा नाही, मानपान नाही, नोंदणी पद्धतीनं लग्न. तुम्ही दोघांनी हे ठरवलंत याचा मला मनापासून आनंद आहे. आता नातेवाईक बोलतील: ‘एकुलती एक मुलगी, आणि असं गुपचूप?’ बोलणारे बहुतेक वाईट नसतात, त्यांनी दुसरी रीत पाहिलेली नसते. प्रत्येकाला पटवत बसू नकोस. आईजवळ मात्र पुन्हा पुन्हा बस. तिला नेमकं कशाचं वाईट वाटतंय ते विचार. पुष्कळदा ते मांडवाचं नसतं. माहेरची माणसं बोलावता येणार नाहीत, याचं असतं. मग त्यांना घरी पुरणपोळीचं जेवण घाला की! त्यानं तुमचं तत्त्व मोडत नाही.

हुंड्यावर तडजोड नको, अजिबात नको. ‘आम्ही काही मागत नाही, तुमच्या हौसेनं काय ते द्या’ हे वाक्य आलं की तिथेच स्पष्ट बोल. १९६१च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं, दोन्ही गुन्हा आहे.

‘आपल्यात असं होत नाही’ म्हणणाऱ्यांना जोतीराव-सावित्रीबाईंची आठवण दे. १८७३मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजानं पुरोहिताविना, कमी खर्चात लग्नं लावली.

विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. खरा दबाव त्याच दिवसांत येतो. तीन साक्षीदार लागतात. ऐनवेळी कच न खाणारी माणसं निवड आणि त्यांना तारीख आत्ताच सांगून ठेव.