उरलेल्या गोळ्या आणि पावसाळ्यातला ताप

प्रश्न (डिचोली): खोकल्यासाठी मिळालेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घरात उरल्यात, मुदतही संपलेली नाही. वीस वर्षांच्या मुलाला कालपासून ताप आहे. एक देऊन पाहिली तर बिघडेल काय?

उत्तर: बिघडू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटला की डेंगी, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप), टायफॉइड, साधा व्हायरल हे सगळंच शक्य असतं. डेंगी आणि व्हायरलवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. मलेरियाची औषधं वेगळी. टायफॉइड असेल तर दोन गोळ्यांनी तो बरा होत नाही, पण रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू वाढेनासे होऊ शकतात. रिपोर्ट कोरा आणि ताप चालूच. म्हणून नमुना आधी, गोळी नंतर. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की घाई होते, समजतं. तरी हा क्रम सोडू नका.

तोवर पॅरासिटामॉल द्या. डेंगी नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलेरियाची तपासणी लगेच करून घ्या. मुलगा शेतात किंवा साचलेल्या पाण्यात उतरला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. लेप्टोवर उपचार लवकर सुरू झालेले बरे.

लघवीच्या जळजळीलाही हाच क्रम. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, सुरुवातीची धार सोडून मधली धरा, दोन तासांत पोचवा. जमलं नाही तर फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधापुढे 'एस' असेल तर ते लागू पडतं, 'आर' असेल तर नाही.

प्रश्न (फोंडा): डॉक्टरांनी न्यूमोनियावर पाचच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पूर्वी सात-दहा दिवस देत. आणि सारखं अँटिबायोटिक घेऊन शरीराला सवय होते ना?

उत्तर: औषधाला दाद न देणारे होतात ते जंतू, शरीर नव्हे. तेच जंतू घरातल्या दुसऱ्याकडेही जातात, त्याने आयुष्यात एकही गोळी घेतली नसली तरी. साध्या न्यूमोनियात सुधारणा दिसत असेल तर पाच दिवस बहुधा पुरतात. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं, हा जुना समज. मात्र स्वतःहून थांबवूही नका. तीन दिवसांत फरक नसेल तर फोन करा.

प्रश्न (म्हापसा): फार्मसीवाला अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी मागतो, नावही लिहून घेतो. का?

उत्तर: बरोबरच करतो. पट्टीवरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक औषधं एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. त्यांच्यासाठी 2014पासून डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपावी लागते.