समता, समानता आणि बरोबरी

एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे: संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असे छापलेले आहे, हिंदीत त्याच जागी ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ आहे. आपल्याकडे भाषणात, मोर्च्यात, भिंतीवर मात्र ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हेच ऐकू येते. मग समता आणि समानता हे एकच का? मुलांना निबंध द्यायचा तर शीर्षकात कोणता शब्द घालावा? आणि ‘बरोबरी’ हा साधा शब्द असताना तो कुणी का वापरत नाही?

कोश उघडलात तर समतेपुढे समानता आणि समानतेपुढे समता असे सापडेल. त्याने काम भागत नाही. अशा वेळी विरुद्धार्थी शब्द काय म्हणतात ते पाहावे. समानतेच्या उलट असमानता, समतेच्या उलट विषमता. खोलीच्या दोन भिंतींच्या उंचीत असमानता असू शकते. गवंडी ती दुरुस्त करील, पण तिथे कुणावर अन्याय झालेला नाही. त्याच जागी ‘विषमता’ घालून पाहा, वाक्य लगेच विचित्र वाटते. विषमता म्हटले की कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली आहे आणि ते तसे असू नये, एवढा अर्थ शब्दातच भरलेला असतो.

हा भार मुळातला आहे. संस्कृतात ‘सम’ म्हणजे सारखा, तसेच सपाट, चढउतार नसलेला. ‘विषम’ म्हणजे खडबडीत, आणि त्यावरून अवघड, संकटाचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला विचारतो, ‘कुतस्त्वा कश्मलमिदं विषमे समुपस्थितम्’, तिथला ‘विषमे’ म्हणजे ऐन बिकट वेळी. आपण सम-विषम संख्या म्हणतो, समभुज त्रिकोण म्हणतो, गवई समेवर येतो तेव्हा मान डोलावतो, ते सगळे याच कुळातले.

‘समान’चा संसार जरा वेगळा आहे. ऋग्वेदाच्या अगदी शेवटच्या सूक्तात ‘समानो मन्त्रः समितिः समानी’ असे येते. तिथे समान म्हणजे सर्वांचा मिळून एक, सामाईक. हा अर्थ मराठीत आजही जिवंत आहे. आघाडी सरकारचा ‘किमान समान कार्यक्रम’ म्हणजे सर्व पक्षांचा सामाईक कार्यक्रम. त्यात कुणाची कुणाशी बरोबरी नसते. ‘मातेसमान’ म्हणताना समान म्हणजे नुसते ‘सारखी’. वर्तमानपत्रे ज्याला ‘समान नागरी कायदा’ म्हणतात त्याला संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद ४४ मध्ये, ‘एकरूप नागरी संहिता’ म्हटले आहे. हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. भूमितीत एकरूप त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसतात, समरूप त्रिकोण तसे बसतीलच असे नाही. शाळेत शिकलेला हा भेद इथे उपयोगी पडतो. सगळ्यांना एकच नियम लावणे ही एकरूपता. त्यातून समानता येईल की नाही, हा पुढचा प्रश्न आहे, आणि ‘समान’ शब्द वापरला की तो प्रश्न विचारायच्या आधीच मिटल्यासारखा होतो.

आणखी एक फरक आहे आणि मला तो सर्वांत कामाचा वाटतो. समानता म्हटले की मराठी कान लगेच विचारतो, कशाची? म्हणून दर्जाची समानता, संधीची समानता, वेतनाची समानता. अनुच्छेद १४ मध्येही ‘कायद्यापुढे समानता’ आहे, म्हणजे कशापुढे ते सांगितले आहे. समतेला मराठीत असा आधार लागत नाही. ‘समतेसाठी लढा’ एवढे म्हटले की पुरते. ज्याची मोजदाद करून कोर्टात दाद मागता येते ती समानता, आणि ही मोजदाद कशासाठी करायची ते सांगणारी समता, अशी विभागणी मराठीने आपोआप केली आहे. हिंदीने ती केलेली नाही, तिथे ‘विधि के समक्ष समता’ सहज चालते. त्यामुळे दोन पाठांतला फरक ही कुणाची चूक नाही. प्रत्येक भाषेने आपल्या सवयीचा शब्द घेतला आहे.

आता समतेचा इतिहास, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या वाङ्मयात हा शब्द समाजाबद्दल बोलतच नाही, तो मनाबद्दल बोलतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘अहिंसा समता तुष्टिः’ अशी भावांची यादी आहे. तिथली समता म्हणजे चित्त डळमळू न देणे. ‘समत्वं योग उच्यते’ यावर शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव म्हणतात, ‘अर्जुना समत्व चित्ताचें । तेंचि सार जाणैं योगाचें’. ‘चित्ताचें’ हा शब्द त्यांनी किती काळजीपूर्वक घातला आहे पाहा. गीतेच्या पाचव्या अध्यायात तर ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे अस्पृश्य मानला गेलेला माणूस, या सगळ्यांकडे पंडित समदृष्टीने पाहतात, असे सांगितले आहे. हा श्लोक सामाजिक समतेचा पुरावा म्हणून अनेकदा दिला जातो. पण त्यात पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे नीट वाचावे. समता पाहणाऱ्याच्या अंगी आहे. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याच्या हाती तिच्यामुळे काही पडत नाही, आणि पंडिताने समदृष्टीने पाहिले नाही तर त्याला तक्रारही करता येत नाही.

वारकऱ्यांनी ही दृष्टी चंद्रभागेच्या वाळवंटात आणली. ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म । भेदाभेद भ्रम अमंगळ’ हे तुकोबांचे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी आहेत आणि भेदाला थेट अमंगळ म्हणण्याचे धाडस त्यांत आहे. तरीही पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. अभंग शतकानुशतके गायला गेला आणि दार तोवर बंदच राहिले. शब्द मनात ठेवण्याचा आहे की मागण्याचा, याने केवढा फरक पडतो तो इथे दिसतो.

मागण्याची भाषा एकोणिसाव्या शतकात घडू लागली, आणि ती घडवणाऱ्यांनी नेहमी ‘समता’ हाच शब्द पुढे केला असे नाही. जोतीराव फुल्यांच्या लेखनात ‘मानवी हक्क’ हे शब्द ठासून येतात आणि ‘स्त्री-पुरुष’ असा जोडीने उल्लेख येतो. आगरकरांनी स्त्री-पुरुषांना ‘एकच’ शिक्षण द्यावे असे म्हटले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे नाव दिले, आणि हे नाव थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. तुलना म्हणजे तुळेत, तराजूत घालणे. सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेवर झालेल्या खटल्यानंतर सगळी स्त्रीजात बदनाम केली जात होती. तेव्हा ताराबाईंनी जे जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते एकेक घेऊन विचारले, हे पुरुषांत नाहीत का? दुसरे पारडे रिकामे ठेवून कुणाचे वजन करता येत नाही, हा त्यांचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दात आहे.

‘समता’ हा शब्द संघटनेचे नाव होऊन रस्त्यावर आला तो १९२७ च्या सुमारास. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समाज समता संघ काढला आणि २९ जून १९२८ रोजी ‘समता’ हे पाक्षिक सुरू झाले. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे ओळीने म्हणून पाहा: मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. पहिली दोन नावे अवस्था सांगतात, तिसरे मागणी सांगते.

मधे महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे १९२४ मध्ये ठरवले होते. कागदावर समानता झालेली होती. तळ्यावर ती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह अस्पृश्य मानले गेलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की या पाण्यावाचून आम्ही मरत होतो असे नाही, इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी आम्ही तळ्यावर जातो आहोत. चित्ताची समता इथे पाण्याच्या काठावर हक्काची समता झाली. पाहणाऱ्याकडून ती पाहिल्या जाणाऱ्याने आपल्या हाती घेतली. या शब्दाच्या सगळ्या प्रवासात याहून मोठी घडामोड मला दिसत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई आहे, ती वाचताना महाड आठवतेच.

बाबासाहेब स्वतः या दोन पातळ्या वेगळ्या ठेवत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावले की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपल्याकडे समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. आणि १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहे.

‘समरसता’ हा शब्द नंतर पुढे आला. तो समतेचा पर्याय नाही. समरस होणे म्हणजे मिसळून जाणे. मिसळल्यावर वर कोण आणि खाली कोण, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. आंबेडकरी चळवळीने त्याला हरकत घेतली ती याच कारणाने, आणि भाषेच्या अंगाने पाहिले तर ती हरकत मला पटते.

आता बरोबरी. हा फारसीतून आलेला शब्द. ‘बर’ म्हणजे छाती, ‘बराबर’ म्हणजे छातीला छाती भिडवून उभे. मराठीने त्याला फार कामाला लावले: उत्तर बरोबर, माझ्याबरोबर चल, आल्याबरोबर सांग. पण ‘बरोबरी’ आपल्या तोंडी कुठे येते ते ऐका. एक खेळात: मालिकेत १-१ अशी बरोबरी साधली, सामना बरोबरीत सुटला. दुसरे दटावताना: ‘मोठ्यांची बरोबरी करू नये’, ‘त्यांची आपली काय बरोबरी?’, ‘आता हा आमच्या बरोबरीला बसणार!’ म्हणजे मैदानावर जी अभिमानाने साधायची, ती घरात आणि गावात केली तर उद्धटपणा. ज्या समाजात उतरंड पक्की असते तिथे बरोबरी ‘करणे’ हा गुन्हाच ठरतो. तो वास त्या शब्दाला अजून आहे, म्हणून घोषणेत तो चटकन कुणी घेत नाही.

एक वाक्य मात्र शेतावर रोज ऐकू येते: ‘बाई गड्याच्या बरोबरीनं राबते.’ कौतुकाने म्हणतात, मनापासून म्हणतात. आठवड्याचा हिशेब करताना गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा रोज वेगळा. बरोबरीने राबणे भाषेत आहे, ‘बरोबरीची मजुरी’ हा वाक्प्रचार झालाच नाही. त्यासाठी १९७६ च्या कायद्यातला ‘समान वेतन’ हा शब्द घ्यावा लागला.

शोधायला गेलात तर भेदाला मराठीत घरचे शब्द भरपूर आहेत: दुजाभाव, आपपरभाव, सापत्नभाव, डावे-उजवे करणे, पंक्तिप्रपंच. तूप वाढणाऱ्याचा हात एका पानावर सैल आणि पुढच्यावर आखडता होतो, हे आपल्या लोकांनी बारकाईने टिपले आणि त्याला नाव दिले. उलट बाजूला घरचा म्हणावा असा एकच शब्द, ‘सारखा’. संस्कृत ‘सदृक्ष’ प्राकृतातून आला आणि सारखा झाला. ‘सगळी लेकरं सारखी’ यात तो आहे, ‘पदर सारखा कर’ यात आहे आणि ‘सारखा बडबडतो’ यातही आहे.

‘समन्यायी’ हा तुलनेने नवा शब्द, पण फार गरजेचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग केला. समान वाटप म्हणजे काय, हा तिथे पुस्तकी प्रश्न नव्हता. एकरी सारखे पाणी दिले असते तर ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, भूमिहीनाला शून्य, आणि तरी ‘सर्वांना समान दर’ म्हणता आले असते. त्यांनी माप बदलले. पाणी जमिनीला न देता माणशी दिले: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग आज महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समानता कशाची मोजायची हे आधी ठरवले पाहिजे, ही आठवण तो शब्द करून देतो.

तर बाई, निबंधाचे शीर्षक ‘समता’ ठेवा; मुलांना लिहायला जागा मिळेल. नागरिकशास्त्राच्या उत्तरात मात्र अनुच्छेद १४ ते १८ साठी ‘समानतेचा हक्क’ हेच लिहायला सांगा, मराठी संविधानात तसे आहे. विशेषण हवे असेल तर ‘समतावादी विचार’ पण ‘समान संधी’. ‘सम संधी’ म्हणू नये. कुणी मुलाने ‘बरोबरीचा हक्क’ असे लिहिले तर लाल शाईने खोडू नका. मराठीत तो प्रयोग शुद्ध आहे आणि अर्थही नेमका पोचतो.