‘यात नवीन काय?’ : स्मार्ट कापडाचा प्रकल्प निवडताना

मी वस्त्रतंत्रज्ञान शिकवते आणि विद्यार्थ्यांचं समुपदेशनही करते. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरायची वेळ आली की एक तक्रार हमखास कानावर येते: ‘मॅडम, जो विषय शोधावा तो कुणीतरी आधीच केलेला असतो.’ स्मार्ट टेक्स्टाइलचं, म्हणजे शरीरातले किंवा भोवतालचे बदल टिपणाऱ्या वा त्यांना प्रतिसाद देणाऱ्या कापडाचं नाव घेणाऱ्या मुलांकडून तर जास्तच. म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

मुलगी इचलकरंजीची. वडिलांचे खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे माग. सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा द्यायची तारीख जवळ आलेली आणि हिची झोप उडालेली. वडीलच तिला घेऊन आले. “मॅडम, पोरगी रात्रभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसती, आन् सकाळी म्हणती विषयच मिळंना,” एवढं सांगून ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

विषय मिळत नव्हता असं नव्हतंच. तिला ईसीजी, म्हणजे हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा शर्ट करायचा होता. पण शोधायला बसल्यावर तिला कळलं, की अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने नौदलाच्या निधीतून १९९६ सालीच असा शर्ट विणायला घेतला होता; गोळी कुठे लागली आणि सैनिकाची नाडी कशी चालली आहे, हे कळवणारा. पुढे गूगल आणि लिव्हाइस यांनी २०१७ मध्ये जॅकेट बाजारात आणलं, बाहीवर बोट फिरवलं की फोन चालवणारं. “एवढ्या मोठ्या लोकांनी केल्यावर मी काय करणार, मॅडम?”

मी तिला बोलू दिलं. बोलता बोलता दुसरी गोष्ट बाहेर आली. तिची मैत्रीण कॉम्प्युटर शाखेत होती, तिचं ॲप तयारही झालं होतं. “आम्ही टेक्स्टाइलवाले. कोडिंग येत नाही, सर्किट येत नाही. आम्हाला यातलं काय जमणार?” तिला खरं बोचत होतं ते हे. अशा वेळी विषयांची यादी हातात ठेवून काही उपयोग होत नाही. मूल यादीतल्या प्रत्येक विषयाला तोच प्रश्न विचारतं आणि आणखी खचतं.

आम्ही आधी तो शर्टच नीट पाहिला. ईसीजीचा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा. कोरडा कापडी इलेक्ट्रोड अंग हललं की त्वचेवर सरकतो आणि संकेत बिघडतो. त्यात आपल्या विजेच्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण मिसळते. शिवाय माणसांवर चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. हे शेवटचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हे सगळं ऐकून ती घाबरेल असं वाटू शकतं, पण तसं झालं नाही. मुलांना धूसर भीती पेलत नाही. अडचणीला नाव मिळालं की ती वहीत लिहून घेतात. हिनेही घेतलं.

मग मी विषय बदलला. विचारलं, “तुमच्या मागावर येण्याआधी सूत सायझिंगला, खळ द्यायला का जातं?”

ती सरसावून बसली. उभा धागा मागावरच्या वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या तारांच्या डोळ्यातून जातो, फणीत सतत घासतो, दर फेऱ्याला ताण खातो. खळ नसेल तर तंतू उसवतात, धागा पिसारतो आणि तुटतो. खळीचा थर पातळ बसला तर काय होतं, जास्त बसला तर धागा कसा कडक होतो, हे ती न थांबता सांगत होती. हे तिने पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं होतं.

मी तिच्यापुढे विद्युतवाहक धाग्याचा कोन, म्हणजे शंकूसारखं रीळ ठेवलं. नायलॉनवर चांदीचा थर. तिने तो नखाने घासला, दिव्याखाली धरला आणि म्हणाली, “मॅडम, हा थर पण शिवणयंत्राच्या सुईत असाच खरवडणार की. आणि धुतल्यावर?”

तिचा विषय मिळाला तो इथे. गूगलच्या त्या जॅकेटची हमी जेमतेम दहा धुलाईंची होती, हे मी तिला तेव्हा सांगितलं. मोठ्यांनी काम केलं म्हणजे प्रश्न संपला, असं नसतं. स्मार्ट कपडा अनेकदा अडतो तो धुलाईत, घामात, घासण्यात आणि जोडणीत. हे सगळं कापडाचं काम आहे, आणि ते कापड शिकलेल्यानेच करायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

सिनॉप्सिस आम्ही मुद्दाम लहान ठेवला. दोन धागे: चांदीचा थर दिलेला नायलॉन आणि स्टेनलेस स्टीलचा. तेच सुती कापड, तोच टाका. धागा एकदा सुईत आणि एकदा बॉबिनमध्ये, म्हणजे शिवणयंत्राच्या खालच्या रिळात; बॉबिनच्या धाग्याला सुईच्या डोळ्यातून जावं लागत नाही, त्यामुळे थर कमी खरवडतो का हे पाहता येतं. ठरावीक अंतरावर धाग्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचा, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा मोजायचं. मोजण्याआधी नमुने वीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचे; सुती कापड ओलावा धरतं आणि त्याने आकडे हलू शकतात. एका नमुन्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक प्रकारचे निदान पाच. मल्टीमीटरच्या साध्या टोकांनी मोजलं तर टोकांच्या स्पर्शाचा रोधही आकड्यात मिसळतो, म्हणून चार तारांची पद्धत. कोडिंगची एक ओळ लागत नव्हती.

“पण फसला तर?” तिने विचारलंच. रोध वाढला तर किती धुण्यांत वाढला हे उत्तर. नाही वाढला तरी ते उत्तरच. शर्ट चालला नसता तर हातात काही उरलं नसतं. इथे तसं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला तो हे समजल्यावर.

वडील आत आले तेव्हा ती त्यांना धागा दाखवत होती. त्यांनी तो दोन बोटांत पिळला, ताणला. “ह्याला पीळ कमी हाय,” म्हणाले. तिने तेही टिपून घेतलं.

याच पद्धतीने इतर मुलांचेही विषय निघाले आहेत. रंग बदलणाऱ्या छपाईच्या मागे असलेल्या मुलाला मी विचारलं, उन्हात ती किती टिकते? उष्णता शोषणाऱ्या मेणाच्या, म्हणजे अठ्ठावीस अंशांना वितळणाऱ्या ऑक्टाडेकेनच्या मागे असलेल्या मुलीला विचारलं, कापडावर ते धुतल्यानंतर किती उरतं? घाटकोपरची ‘बीटीआरए’ आणि वरळीची ‘सास्मिरा’ या संस्था वस्त्रसंशोधन आणि चाचण्यांचं काम करतात. कॉलेजात यंत्र नसेल तर गाइडमार्फत तिथे विचारता येतं. फक्त शुल्क आणि वेळ सिनॉप्सिसमध्येच धरा.

इचलकरंजीच्या मुलीचं काम सध्या चालू आहे. चौथ्या फेरीच्या धुलाईनंतर तिचा फोन आला. काही नमुन्यांचा रोध एकदम वाढला होता, पण धागा तपासला तर ठीक होता. बिघाड होता तो मोजणीची तार लावायचं टिचबटण आणि धागा यांच्या जोडावर. “गाइड सर म्हणतात ते नमुने काढून टाक. काढू का?” मी म्हटलं, काढू नकोस, जोडाचा रोध वेगळा मोज आणि वेगळ्या तक्त्यात लिही, आणि सरांनाही दाखव. आता ती प्रत्येक नमुना दोन ठिकाणी मोजते. काम दुप्पट झालं आहे, आणि वडिलांनी मागाशेजारच्या खोलीत तिला एक टेबल रिकामं करून दिलं आहे.