अंडी नासतात ती मशीनच्या बाहेर

घरी तीस-पन्नास अंड्यांचं इन्क्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) घेतलेल्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि निम्म्यांचा सूर एकच असतो : मशीन खराब निघालं, अंडी नासली. बहुतेक वेळा मशीनचा काही दोष नसतो.

बाराव्या दिवशी एका अंड्यावर पिवळट थेंब दिसतोय. झाकण उघडलं की वास येतो. फोडून बघू का? (विटा)

फोडू नका, आणि कानाशी नेऊन खुळखुळवू तर अजिबात नका. साबुदाण्याएवढा तो चिकट थेंब म्हणजे आत वायू साठलाय आणि कवचातून वाट काढतोय. धक्का लागला तर अंडं फटाक्यासारखं फुटतं. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा, अंडं हळूच उचलून वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा आणि दोन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. उकिरड्यावर फेकलंत तर कुत्रं तेच परत अंगणात आणेल. मग उरलेली सगळी अंडी अंधारात टॉर्चवर धरून तपासा.

शेणानं, विष्ठेनं मळलेली अंडी कोमट पाण्यानं धुवून मशीनमध्ये ठेवतो. तरी दर वेळी चार-पाच नासतात. (कराड)

‘तरी’ नव्हे, धुता म्हणूनच नासतात. हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकदा सविस्तर सांगतो.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात; पिल्लाचा श्वास त्यांतूनच चालतो. त्यांवर कोंबडीनं दिलेला एक पातळ थर असतो. ताज्या अंड्यावर दिसणारी मंद साय ती हीच. पाण्यानं चोळलं की हा थर जातो. पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. तुमचं ‘कोमट’ पाणी दहाव्या अंड्यापर्यंत गार झालेलं असतं आणि पहिल्या अंड्याची विष्ठा दहाव्याला लागलेली असते. वर ३७.५ अंशाची ऊब. जिवाणूंना आणखी काय हवं? हळद, डेटॉल, कडुलिंबाचं पाणी, कुणी काही सांगो, ओलं ते वाईटच. मोठ्या हॅचऱ्यांत जिथे अंडी धुतली जातात, तिथे पाण्याचं तापमान आणि औषधाची मात्रा मोजून धुतात. घरच्या बादलीत ते जमत नाही.

फ्रीजमधून काढून थेट मशीनमध्ये ठेवणं हाही धुण्याचाच प्रकार. अंड्याला घाम सुटतो, तो घाम छिद्रांतून आत जातो. आधी काही तास खोलीत ठेवा, कोरडं होऊ द्या.

मग करायचं काय? एखादा वाळका ठिपका असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच कोरडा घासा. पाव भागाहून जास्त मळलेलं किंवा तडा गेलेलं अंडं उबवायला ठेवूच नका. मूळ दुरुस्ती घरट्यात आहे. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून तेच घालतात; ते ओलं झालं की बुरशी धरतं. कोरडं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा घाला, मळला की बदला. दिवसातून दोन-तीनदा अंडी गोळा करा. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडी देतात. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तर नकोच : तिथे जीव अर्धवट वाढायला लागतो, मरतो आणि पुढे तेच अंडं नासतं. ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, अंडी कोरडी राहतील अशी ठेवा.

एवढं करूनही दर खेपेला नासत असतील तर दोष कळपात असू शकतो. काही रोग कोंबडीकडून अंड्यात उतरतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

पाण्यात तरंगलं तर नासकं, हे खरं का? (कोरेगाव)

नाही. दिवस भरत आले की आतली हवेची पोकळी वाढते, जिवंत पिल्लाचं अंडंही तरंगतं. आणि पाण्यात बुडवायचं नाही, हे वर सांगितलंच.

अंडं मशीनमध्येच फुटलं. बाकीची वाचतील? (तासगाव)

ज्यांवर थेट शिंतोडे उडाले ती टाकून द्या, मन घट्ट करून. उरलेली कोरड्या कापडानं टिपून तात्पुरती उबदार टोपलीत ठेवा. मशीनचा प्लग काढा, ट्रे साबणानं धुवा, सौम्य ब्लीचनं पुसा, पूर्ण वाळवा, मग अंडी परत ठेवा. कुणी फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर सुचवला असेल तर घरात तो प्रयोग करू नका; तो वायू माणसालाही घातक आहे. या खेपेच्या पिल्लांवर पहिला आठवडा लक्ष ठेवा. बेंबी सुजलेली, ओली, वास येणारी दिसली तर मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका. मेलेलं पिल्लू पिशवीत घालून थंड ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. सातारा जिल्ह्यात असाल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारा.

विक्रेता ‘शंभर टक्के फलित’ गावरान अंडी पार्सलनं पाठवतो. नासली तर त्याची जबाबदारी? (मिरज)

कवचावरून फलित अंडं ओळखता येत नाही. शंभर टक्क्यांची हमी देणारा अंडी नाही, आशा विकतोय. शिवाय एसटीत हादरे बसून केसाएवढे तडे जातात, ते टॉर्चशिवाय दिसत नाहीत. आलेली अंडी टोकदार बाजू खाली करून दिवसभर स्थिर ठेवा, तडे तपासा, मगच ठेवा. सातव्या दिवशी पुन्हा पाहा : कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा म्हणजे जिवंत, नितळ म्हणजे वांझ किंवा अगदी सुरुवातीलाच मेलेलं, बांगडीसारखी लाल कडी म्हणजे जीव सुरू होऊन मेला. शेवटच्या दोन प्रकारची अंडी त्याच दिवशी काढा. त्यानं वर ‘अंडी न नासण्याचा’ स्प्रे दिला असेल तर तो बाजूला ठेवा.

लाईट वारंवार जाते. २१ दिवस होऊन गेले, आणखी किती थांबू? (जत)

ऊब कमी पडली की दिवस लांबतात. २३ दिवस थांबा, मग टॉर्चवर बघा. हालचाल नाही, टकटक नाही, तर काढा. ‘राहू द्या, निघेल’ म्हणत आठवडाभर ठेवलेलीच पुढे फुटतात. सोबत बदकाची असतील तर त्यांचे २८ दिवस मोजा. लाईट गेल्यावर झाकण उघडू नका. घोंगडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा.

सातव्या दिवशी काढलेली नितळ अंडी खाल्ली तर चालतील? (वाळवा)

नाही.